जुन्या गरम पाण्याच्या कुंडांचं ‘वेलनेस रिट्रीट’ करायचंय. काय ठेवाल, काय काढाल?

नकाशावाला (धागाकर्ता)
मंडळी, प्रश्न धंद्यातलाच आहे, पण ऑफिसबाहेरच्या लोकांची मतं हवीत म्हणून इथे टाकतोय.

ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरी-अकलोलीच्या पट्ट्यात तानसा नदीजवळ एक जुनी वास्तू आहे. मालक मंडळी आता नागपुरात, म्हणून आर्किटेक्टही नागपूरचा, म्हणजे मी. त्यांच्या पणजोबांनी हवापालटासाठी येणाऱ्यांकरता ती बांधली: लांब ओसरी, मंगलोरी कौलं, ओळीने खोल्या, मागच्या अंगाला काळ्या दगडात बांधलेली तीन कुंडं. पुढे कधीतरी कोणीतरी त्यावर ‘रिसॉर्ट’ चढवलं. म्हणजे ओसरीला अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, कुंडांना आतून गुलाबी टाइल्स आणि मधोमध तोंडातून पाणी सोडणारा सिमेंटचा डॉल्फिन.

नव्या पिढीला वेलनेस रिट्रीट हवंय. योगा डेक, मिठाची खोली, इन्फिनिटी पूल, सगळं. दोन कुंडं आवारात आहेत. तिसरं हद्दीच्या आत पण कडेला, आणि तिथे गावातले लोक आणि वज्रेश्वरीच्या दर्शनाला आलेले भाविक पहिल्यापासून आंघोळीला येतात. मालकांचं म्हणणं, तेही आत घ्या आणि भिंत बांधा. मला ते पटत नाहीये, पण ‘पटत नाही’ एवढ्यावर क्लायंट ऐकत नसतो. तुम्ही अशा ठिकाणी गेला असाल तर काय आवडलं, कशाचा राग आला, सांगा.

तर्रीपोहे
भाऊ, नागपूरचा माणूस पैसे देऊन गरम पाण्यात बसणार? मे महिन्यात दुपारी आमच्या गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडा. वेलनेसच वेलनेस. मिठाची खोली पाहिजे तर बनियन काढून पाहा.

मानेवाडा_पॅसेंजर
तर्रीभाऊ 😂 वरून कूलरचं वाळ्याचं पाणी म्हणजे अरोमाथेरपी.

डॉल्फिन मात्र काढू नका हो. पोट्ट्यांना तोच आवडते.

खडकफोड्या
थोडं गंभीर लिहितो. नोकरी भूशास्त्रातली होती, आता निवृत्त.

इमारतीचा नकाशा काढण्याआधी पाण्याचा हिशेब काढा. कोकणातली उष्णोदकं वज्रेश्वरीपासून खाली राजापूरपर्यंत एका पट्ट्यात आहेत. पुष्कळांना वाटतं खाली ज्वालामुखी आहे. तसं काही नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तो कधीच निवला. हे पावसाचंच पाणी आहे. भेगांतून खोल मुरतं, खाली दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं, तिथे तापतं आणि एखाद्या भेगेतून परत वर येतं. या प्रवासाला बराच काळ लागतो. म्हणून झरा तुम्हाला रोज देतो तेवढंच देणार. गिऱ्हाईक वाढलं म्हणून तो वाढणार नाही.

तेव्हा पहिलं काम: निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा प्रत्येक कुंडाचा प्रवाह मोजा. ओव्हरफ्लोच्या तोंडाशी व्ही आकाराची खाच असलेली पत्र्याची फळी बसवली की पाण्याच्या उंचीवरून लिटर काढता येतात, फार खर्च नाही. तापमान आणि क्षारही सोबत नोंदवा. पावसाळ्यात तापमान अचानक उतरलं तर वरचं पाणी आत शिरतंय समजा. आणि हे सगळं विचारायला मुंबईला जायची गरज नाही. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय, केंद्रीय भूजल मंडळाचं कार्यालय, पाणी तपासायला नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, सगळं आपल्या नागपुरातच आहे. सर्वेक्षणाने १९९१मध्ये देशभरातल्या उष्णोदकांचा अॅटलास काढलाय, त्यापासून सुरुवात करा.

नकाशावाला
खडकफोड्या काका, मनापासून आभार. एक विचारतो. मालकांना कोणीतरी सांगितलंय की कुंडाशेजारी खोल बोअर मारली की हवं तेवढं गरम पाणी मिळेल. त्यावर इन्फिनिटी पूलचं गणित बसवलंय.

खडकफोड्या
मारू नका. भेग एकच असेल तर बोअर कुंडाचंच पाणी ओढणार. आज पंप भरभरून चालेल, कुंडाची पातळी हळूहळू उतरेल, आणि मग गाव तुमच्या दारात येईल. योग्य कारणाने येईल.

पैनगंगाकाठी
आमच्याकडचं उनकेश्वर कोणी पाहिलंय का? किनवट तालुक्यात, नदीच्या या बाजूला आम्ही यवतमाळवाले. लहानपणी आत्याला घेऊन जायचो. तिच्या हातापायांवर डाग होते आणि गावात तिला लग्नाच्या पंगतीत बसायला कोणी बोलवायचं नाही. उनकेश्वरला ती पायरीवर पाय सोडून बसायची आणि पितळी तांब्याने गुडघ्यांवर पाणी ओतत राहायची. शेजारी तसेच डागवाले, खाजवाले, बोटं झडलेले. कोणी कोणाकडे बघायचं नाही. तांब्या दोन दिवसांत काळाभोर व्हायचा, मग आजी चिंच लावून घासायची.

डाग गेले का? नाही गेले. पण आत्या वर्षभर त्या आठवड्याची वाट बघायची.

तुमच्या रिट्रीटमध्ये आत्याला रिसेप्शनवरून आत सोडतील का, एवढंच विचारायचंय.

धरमपेठची
पैनगंगाकाठी, 🙏

माझा अनुभव बाईमाणसाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अशा कुंडांवर बायकांचा अर्धा वेळ कपड्यांच्या चिंतेत जातो. कुंड ‘स्त्रियांसाठी’ असतं, पण कपडे बदलायची खोली पलीकडच्या टोकाला. ओली साडी अंगाला चिकटलेली, त्या अवस्थेत सगळ्यांसमोरून चालत जायचं. खोलीला कडी नाही. असली तर खुंटी नाही. खुंटी असली तर जमिनीवर इतकं पाणी की कोरडा परकर घालता घालता ओला होतो. आता भर म्हणून मोबाइल. मागच्या वेळी एका ठिकाणी (नाव घेत नाही) वरच्या गच्चीत चार पोरं रील करत उभी होती आणि चौकीदार म्हणे, ‘ते निसर्ग काढून राहिले.’

तेव्हा नकाशावाले, योगा डेक नंतर. आधी कपडे बदलायची जागा पाण्याला लागून ठेवा. बसायला कट्टा, कारण सलवार उभ्याने ओढता येत नाही. जमिनीला उतार. वरून कुठूनही नजर पडणार नाही अशी कौलांची उतरण. आणि पोहण्याच्या पोशाखाची सक्ती नको. माझी सासू स्विमसूट घालणार नाही आणि मीही तिच्यासमोर घालणार नाही. साडी-गाऊनला ‘अस्वच्छ’ म्हणून मनाई करणारे पूल मी पाहिलेत. स्वच्छ सुती कपडा तिथेच भाड्याने द्या, प्रश्न मिटला.

अजून एक. कुंड देवळाला लागून असलं की पाळीतल्या बायकांसाठी पाटी असते. तुम्ही ती पाटी लावणार आहात का, हे आत्ताच ठरवा.

पुण्याहून_सप्रेम
धागा चांगला आहे. फक्त ‘वेलनेस रिट्रीट’ करण्यापेक्षा जे आहे ते नुसतं झाडून-पुसून स्वच्छ ठेवलं तर निम्मं काम होईल असं आमचं नम्र मत. दुपारी १ ते ४ बंद ठेवावं.

तर्रीपोहे
पुणेकर आले बाप्पा. आता कुंड पण झोपणार.

चर्मडॉक्टर
मी त्वचारोगांची डॉक्टर आहे, मेडिकल चौकात दवाखाना. आधी आत्याबद्दल. पांढरे डाग संसर्गजन्य नाहीत, सोरायसिसही नाही. त्यांना पाण्यात उतरू न देण्याचं वैद्यकीय कारण शून्य. कुष्ठरोगावर औषध सुरू झालं की तोही पसरत नाही. खरूज आणि उघड्या जखमा मात्र थांबवाव्या लागतात. म्हणजे नियम रोगाचा करा, दिसण्याचा नको.

दुसरं, दावे. मालकांच्या माहितीपत्रकात ‘मधुमेह, रक्तदाब, पांढरे डाग बरे’ असं एक अक्षर येऊ देऊ नका. १९५४च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या यादीत हे तिन्ही आजार आहेत. गरम पाण्याने सांध्यांना आराम पडतो, स्नायू सैल होतात, झोप चांगली लागते. हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

तिसरं, धोका. ४० अंशांच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बस्स. गरोदर बाई, हृदयविकाराचा माणूस, दारू प्यायलेला, यांना मनाई. चक्कर पाण्यात असताना कमी आणि बाहेर पडताना जास्त येते, कारण रक्तदाब झपकन उतरतो. त्यामुळे पायरीला दोन्ही हातांना कठडा आणि वर लगेच बसायला जागा. आणि डोकं पाण्याखाली नको. कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा वाढू शकतो, तो नाकातून मेंदूकडे जातो. पिऊन होत नाही, नाकात गेल्याने होतो. क्वचित होतो, पण झाला तर माणूस बहुधा वाचत नाही. केरळात २०२४ आणि २०२५मध्ये अशा अमीबाजन्य मेंदुज्वराचे रुग्ण सापडले होते. शेवाळलेलं, साचलेलं, कोमट कुंड ही त्याची आवडती जागा. सिमेंटच्या डॉल्फिनच्या तोंडातून लहान मुलांच्या नाकावर धार, हे तर मुळीच नको.

मानेवाडा_पॅसेंजर
डॉल्फिन गेला ☹️

थेम्सकाठचा_वैदर्भी
डॉक्टर, इंग्लंडातल्या बाथ गावाची हीच गोष्ट. तिथे १९७८मध्ये जुन्या रोमन स्नानगृहाच्या पाण्यात पोहलेली एक मुलगी याच अमीबाने गेली. तेव्हापासून ते रोमन कुंड फक्त बघायचं, पाण्यात हातही घालू देत नाहीत. नवं स्नानगृह शेजारी बांधलं. पाणी तेच, पण खोल नळीतून थेट घेतलेलं. ते उघडलं २००६मध्ये, ठरल्यापेक्षा काही वर्षं उशिरा. मधल्या काळात तलावांचा रंगच सोलून निघाला होता. क्लायंटला ही गोष्ट सांगाच, वेळापत्रकाबद्दल बोलताना कामाला येईल.

नकाशावाला
म्हणजे बाथमध्ये बोअर चालते आणि आमच्याकडे नाही? क्लायंट हेच विचारणार.

खडकफोड्या
त्यांनी झऱ्याच्या मूळ नळीचा अभ्यास करून त्याच नळीत बोअर नेली, पाणी वाढवायला नव्हे, स्वच्छ मिळवायला. आणि गावात खोल खोदायचं तर परवानगी लागते, झऱ्याला धक्का नको म्हणून. तुमचा क्लायंट एवढा अभ्यास आणि एवढं बंधन घ्यायला तयार असेल तर माझी हरकत मागे.

पाइपवाला
मी प्लंबिंगचा ठेकेदार आहे, शिकलेला कमी. पण पैनगंगावाल्या ताईनं तांब्याचं सांगितलं ना, ते आर्किटेक्ट लोक विसरून जातात. गंधकाचं पाणी पितळ, तांबं काळं करते आणि खाते. पितळी कॉक, क्रोमची शॉवर, सगळं वर्षात भंगार. तुमच्या तिकडचं पाणी खारट असन तर स्टीलसुद्धा धोका देते. ३०४ नंबर तर बिलकुल नाही. ३१६वाल्यालेही खारं गरम पाणी बारीक बारीक भोकं पाडते. जिथं जमन तिथं प्लास्टिकचीच लाइन टाका, गरम पाण्याची. सिमेंट सल्फेट सोसणारं घ्या. आणि पाइप भिंतीत गाडू नका. क्षार जमते, वर्षातून एकदा उघडून साफ करा लागते. ते सुंदर दिसत नाही म्हणून आर्किटेक्ट गाडतात आणि मग आम्हाले शिव्या.

दुसरं. ५० अंशाचं पाणी ४० वर आणाले लोक नळाचं थंड पाणी मिसळतात. मग औषध काय राहिलं? हीट एक्स्चेंजर लावा. कुंडाची गर्मी घेऊन खोल्यांच्या बाथरूमचं साधं पाणी तापवा. कुंडाचं पाणी आपोआप उतरते, गिझरचं बिल वाचते. प्लेट मात्र टायटॅनियमची, महाग पडते पण टिकते.

पंपाची खोली जमिनीखाली करू नका. गंधकाचा वायू हवेहून जड असते, खाली बसते. सुरुवातीले सडक्या अंड्याचा वास येते, मग जास्त झाला की नाकाले वासच येत नाही. माणूस समजते गेला वायू, आणि तिथंच पडते.

धरमपेठची
पाइपवाले दादा, ‘शिकलेला कमी’ म्हणे! या धाग्यातला सर्वात कामाचा प्रतिसाद.

खडकफोड्या
पाइपवाल्यांना अनुमोदन. फक्त एक भर: पश्चिम किनाऱ्याच्या पट्ट्यात पाणी मुख्यतः क्लोराइडचं असतं, म्हणजे तुमचा शत्रू गंधकापेक्षा मीठ. तपासणीत दोन्ही बघा.

गोंडवाना_भटक्या
अवांतर: नागद्वारच्या यात्रेला नागपूरहून पचमढीला जाणाऱ्यांपैकी किती जणांनी अनहोनी पाहिलंय? छिंदवाडा, तामिया करत झिरप्याकडून जाता येतं. गंधकाचं पाणी, इतकं तापलेलं की काही जागी पाय टाकवत नाही. यात्रेचा थकलेला माणूस तिथे पाय बुडवून बसला की उठत नाही. ना खोली, ना डेक, ना मेनूकार्ड. त्यापेक्षा चांगलं वेलनेस मला तरी माहीत नाही.

तर्रीपोहे
नागद्वारच्या पायऱ्या उतरून आलेल्या माणसाले गटारीत बसवलं तरी तो उठत नाही भाऊ.

इंदोऱ्याचा
सगळे पाइप आणि डॉल्फिनवर बोलून राहिले, म्हणून मूळ प्रश्नावर येतो. भिंत.

ज्या पाण्यावर लोक पिढ्यान्‌पिढ्या येतात त्याला भिंत घालणं ही डिझाइनची गोष्ट नाही. १९२७मध्ये महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांना ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. तिथे तर ठराव होता, कागदावर तळं सर्वांना खुलं होतं. दीक्षाभूमीच्या गावातल्या आर्किटेक्टने तिकीट लावून तेच उलट करू नये, एवढंच म्हणतो. जात विचारणार नाहीत हो, फक्त दीड हजार रुपये विचारतील. परिणाम तोच.

मालकीहक्क
इंदोऱ्याचा, भावना कळते, पण सातबारा मालकाचा आहे. मालकाने पैसा घालायचा, सफाई करायची, कोणी घसरून पडलं तर केस अंगावर घ्यायची, आणि फुकट वापरणारे वापरणार? चवदार तळं नगरपालिकेचं होतं, हे खासगी आहे. तुलना ताणली जातेय.

इंदोऱ्याचा
तुलना ताणली असेल, पाणी तेवढंच आहे. आणि सफाई आतापर्यंत कोण करत होतं, हे त्या मालकाला विचारा.

काळाकोट
कायद्याचं थोडं. सातबारा आहे म्हणून विषय संपत नाही. १८८२च्या सुखाधिकार कायद्यात, म्हणजे इझमेंट अॅक्टमध्ये, वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, विनाअडथळा वापर असेल तर वहिवाटीचा हक्क मागता येतो. शिवाय कलम १८ स्थानिक रूढीतून येणारे हक्क मानतं, आणि गावाचा वापर बहुधा त्यात बसवायचा प्रयत्न होईल. सिद्ध करणं सोपं नाही. साक्षी, जुनी कागदपत्रं लागतात. पण भिंतीवर मनाई हुकूम आणून काम काही वर्षं लटकवायला तेवढं पुरतं. क्लायंटला नीतिमत्ता सांगू नका, तारखा सांगा.

आणि नदीकाठ आहे, तर आधी पूररेषा बघा. २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतल्या पुराची लाल. निळीच्या आत नवं बांधकाम मिळणार नाही. तुमचा इन्फिनिटी पूल कुठे पडतो?

नकाशावाला
निळीच्या आत. 😐 कुंडंही आतच आहेत, पण ती जुनी.

थेम्सकाठचा_वैदर्भी
मग पूलचा विषय नदीनेच संपवला म्हणायचा.

ओन्सेनप्रेमी
जपानमध्ये नोकरीनिमित्त राहते, म्हणून ही भर. मात्सुयामाचं दोगो ओन्सेन (ओन्सेन म्हणजे गरम झऱ्याचं स्नानगृह), लाकडी इमारत १८९४ची. २०१९मध्ये दुरुस्ती सुरू केली आणि २०२४च्या जुलैत पूर्ण उघडली. पण मधल्या काळात सगळं बंद नव्हतं. एक भाग दुरुस्त होत असताना दुसऱ्या भागात लोक आंघोळ करत होते. गावातले म्हातारे, हातात छोटी बालदी, खांद्यावर पंचा, आणि शेजारी परदेशी पर्यटक. तिथे वरच्या मजल्यावर चहा-विश्रांतीचे जास्त पैसे, खाली नुसत्या आंघोळीचे थोडे. पाणी तेच. मालकांना हा हिशेब दाखवा: पैसे पाण्याचे घेऊ नका, ओसरीचे घ्या.

आणि पाण्यात उतरण्याआधी साबणाने स्वच्छ आंघोळ सक्तीची. बसून, स्टुलावर. आपल्याकडे कुंडातच साबण लावतात, ते थांबलं तरी अर्धी घाण जाईल.

मालकीहक्क
‘पैसे ओसरीचे घ्या’ हे मात्र पटलं. यात मालकाचंही निघतं.

पुण्याहून_सप्रेम
ओसरीवर बसायचे पैसे आम्ही देणार नाही.

नकाशावाला
मंडळी, एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. काल मालकांसोबत बैठक झाली, त्यातलं सांगतो.

काळाकोट यांनी सांगितलेल्या तारखांनी काम केलं, बाकी कशाने नाही. तिसरं कुंड बाहेरच राहणार. हद्दीची भिंत त्याच्या आतल्या बाजूने येईल आणि कुंडाला रस्त्याकडून स्वतंत्र पायवाट. तिथे बायकांची कपडे बदलायची जागा आम्ही बांधून देणार, धरमपेठच्या ताईंच्या यादीप्रमाणे: कट्टा, खुंट्या, कडी, उतार. सफाई कोणी करायची हे अजून भांडणात आहे. पाटी लावायची नाही, हे मालकांच्या आईंनी ठरवलं, एका वाक्यात.

गुलाबी टाइल्स एका कोपऱ्यात काढून पाहिल्या. खाली दगड शाबूत आहे, सांधे चुन्याचे, आणि एका पायरीवर घासून घासून खड्डा पडलाय. म्हणून आवारातली दोन्ही कुंडं मूळ दगडावर आणायची. ओसरीच्या खिडक्या जाणार. मिठाची खोली जाणार. योगा डेक राहिला, तो ओसरीतच होईल, वेगळा बांधायचा नाही. प्रवाह मोजायचं काम या पावसाळ्यापासून सुरू, तोवर पाण्याला हात नाही. नव्या सुनेने सहा महिने वाया जातात म्हणून खूप वाद घातला. ती अजून रागात आहे.

पैनगंगाकाठी, तुमचा प्रश्न मी तसाच्या तसा वाचून दाखवला. उत्तर मिळालं नाही. धाकटे मालक म्हणाले, ‘इतर पाहुण्यांना चालेल का ते बघावं लागेल.’ डॉक्टरांचा नियम लेखी द्या म्हटलंय, बघू.

पैनगंगाकाठी
बरं झालं तिसरं कुंड बाहेर आहे.

चर्मडॉक्टर
नियमांचा मसुदा मी करून देते, फी नको. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मानेवाडा_पॅसेंजर
डॉल्फिन कुठे गेला शेवटी?

नकाशावाला
गावातल्या एका पोराने शाळेच्या बागेसाठी मागून नेला.

पाइपवाला
साहेब, तिसऱ्या कुंडाचं ओव्हरफ्लो पाणी कुठं सोडून राहिले? सरळ नदीत गरम आणि खारं सोडाल तर पुढचे लोक बोंबलतील. आधी उघड्या नालीतून फिरवून थंड करा. आणि तिन्ही कुंडांच्या लेव्हल पाठवा मले. आतली दोन खाली आणि बाहेरचं वर असन, आणि आतून एकमेकांले जोड असन, तर तुमची भिंत काही कामाची नाही, पाणी आतच उतरून जाईल.

नकाशावाला
लेव्हल अजून घेतल्या नाहीत. सोमवारी माणूस पाठवतो.